सातही वार सोमवार

आमच्या घरी सोमवारी मासे शिजत नाहीत. हा नियम कोणी आणि का घातला, याची चौकशी आमच्या तीन पिढ्यांत कोणी केल्याचे मला आठवत नाही. वडिलांची देवधर्मावर श्रद्धा बेताचीच होती. परंतु सोमवारी ताटात मासा आलेला त्यांना मुळीच खपत नसे. सोमवार, संकष्टी, एकादशी आणि सबंध श्रावण एवढे दिवस वगळले, म्हणजे उरलेल्या वर्षावर आमच्या सारस्वत घराण्याचा निर्वेध हक्क असे, आणि तो आम्ही मोठ्या निष्ठेने बजावीत असू. आमच्या घरातले पंचांग देवांपेक्षा माशांसाठीच अधिक चाळले जाई असे म्हटले, तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

माशांपायी पंचांग उघडण्याचे आणखीही एक कारण असे. रत्नागिरीजवळ काजळी नदी समुद्राला मिळते, तेथे भाट्याची खाडी आहे. या खाडीवर मी वयाच्या बाराव्या वर्षापासून गरवीत आलो आहे. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. गरवणाऱ्याला घड्याळापेक्षा तिथी अधिक उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते; अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. भरतीचे पाणी खाडीत शिरू लागले, की त्याच्याबरोबर बोय माशांचे थवे आत येतात; आणि त्यांच्या वाटेवर, पुलाच्या खांबाशी किंवा कांदळवनाच्या मुळांत, तांबोशी दबा धरून बसते. तांबोशीचे लहानपण अशा खाडीत जाते आणि मोठी झाली की ती खडकाळ समुद्राकडे निघून जाते. हे सारे मला वडिलांनी शिकवले. पाढे त्यांनी शिकवले ते मी केव्हाच विसरलो. पण ही पाऊणकी अजून तोंडपाठ आहे.

वडिलांचे नियम दोनच होते. काळुंदर माशाची नर आणि मादी दोघेही आपल्या पिल्लांची राखण करतात. असा पिल्लांचा घोळका पाण्यात दिसला, की गरी वर घ्यावयाची, हा पहिला. दुसरा ते अगदी मोजक्या शब्दांत सांगत: "पोटात जाणार असेल तेवढंच पाण्यातून काढावं." त्या काळी आमच्याकडे फ्रीज नव्हता, सोमवारी धरलेला मासा मंगळवारच्या चुलीपर्यंत टिकला नसता. म्हणून सोमवारी आमच्याबरोबर आमच्या काठीलाही उपास घडे.

गरवण्याला शिकार म्हटले, तर ज्यांच्या दिवाणखान्यात अजून सांबराची शिंगे टांगलेली आहेत ती मंडळी हसतील. बंदुकीची शिकार आपल्या देशात आता इतिहासजमा झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आवर घातला, आणि परवाना काढून हौसेखातर शिकार करण्याची जी वाट उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. हे योग्यच झाले. पाण्यातली ही लहानशी शिकार मात्र अजून मोकळी आहे. आणि शिकारीत जे जे असते ते सर्व, लहान प्रमाणात का होईना, तिच्यात आहे. दबा आहे, कपट आहे, तासन्‌तास वाट पाहणे आहे, हाताला बसणारा तो एकच हिसका आहे, आणि शेवटी एका जिवाचा अंत आहे. या शेवटच्या गोष्टीवरून मला कोणी छेडले, तर माझे उत्तर तयार असे: "मी खेळ म्हणून मारीत नाही, खाण्यासाठी मारतो." हे उत्तर मी इतक्या वेळा दिले होते, की ते मला स्वतःलाही खरे वाटू लागले होते.

गेल्या कार्तिकात एका रात्री उजव्या पायाच्या अंगठ्यात कोणी तापलेली सुई खुपसावी तशी कळ येऊन मी जागा झालो. अंगठा लालबुंद झाला होता, आणि त्याच्यावर चादरीची कड टेकलेलीदेखील सोसवत नव्हती. रक्त तपासले तेव्हा युरिक आम्ल ९.४ निघाले, आणि मूत्रपिंडांचे काम निम्म्यावर आलेले आढळले. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. हे आम्ल रक्तात सातच्या आसपास पोहोचले, की पुढे ते विरघळून राहत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक होऊ लागतात. शरीराचा जो भाग थंड, तेथे ते साचण्याचा संभव अधिक. म्हणून पायाचा अंगठा. औषध आहे, पण मूत्रपिंडे अशी असताना ते बेताबेताने द्यावे लागेल. तेव्हा पथ्य कडक हवे. मग त्यांनी वर्ज्य पदार्थांची जी यादी सांगितली, ती ऐकताना मी सकाळच्या मासळीबाजारातून हिंडत आहे असे मला वाटले. तारली, मांदेली, बांगडा, कोलंबी, तिसऱ्या!

"आणि खाडीतला मासा?" मी शेवटची आशा धरून विचारले.

"महिन्यातून एखादे वेळी, बोटाएवढी तुकडी. तीसुद्धा मनाला आवर घालता येत असेल तर. नसेल तर मुळीच नको."

मी माझ्या मनाला पुरता ओळखून होतो. मी "मुळीच नको" पत्करले. अशा रीतीने माझे सातही वार सोमवार झाले.

शिकलेल्या माणसाला दुखणे आले म्हणजे तो त्याचा इतिहास वाचीत बसतो. मीही तेच केले. चरकसंहितेत या व्याधीला वातरक्ताबरोबरच 'आढ्यवात' असेही एक नाव दिलेले आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. प्राध्यापकाच्या वेतनावर आयुष्य काढलेल्या माणसाला श्रीमंतीची ही एवढीच खूण लाभावी, याची मला गंमत वाटली. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगात युरिक आम्लाचे पुढे विघटन करणारे एक विकर असते. मानव आणि त्याचे जवळचे वानर-भाईबंद यांच्या पूर्वजांत ते निकामी होऊन गेले. म्हणजे जन्मभर माझ्या ताटाखाली बसून मासे खाणाऱ्या मांजराला जे सुख आहे, ते मला नाही! इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्या मला आणखी एक योग सापडला. सिडनहॅम हा इंग्रज वैद्य स्वतः या दुखण्याने पिडलेला होता, आणि त्याने त्यावर लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ १६८३ साली निघाला. त्याच साली, नव्वद वर्षांचे आयुष्य भोगून, आयझॅक वॉल्टन वारला. १६५३ सालच्या 'द कम्प्लीट अँगलर' या पुस्तकामुळे साऱ्या गरवणाऱ्यांना गुरुस्थानी असलेला हा माणूस! एकाच वर्षाच्या दोन टोकांवर माझे दुखणे आणि माझा छंद असे समोरासमोर उभे राहिलेले पाहून मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही.

कारण खरा प्रश्न दुखण्याचा नव्हताच. पत्नी म्हणाली, "अहो, आता ती काठी माळ्यावर टाका. उगाच डोळ्यांपुढे नको." तिचे म्हणणे वडिलांच्या नियमाला धरूनच होते. पोटात जाणार नसेल, तर पाण्यातून काढावयाचे कशासाठी? मी काठी माळ्यावर टाकली. तंगूस गुंडाळून ठेवला. शिशाच्या गोळ्या आणि गऱ्या एका डब्यात घालून तो कपाटात सारला. मला वाटले होते, की महिनाभर जीभ तळमळेल आणि मग सारे शांत होईल. जीभ खरोखरच महिनाभरात शांत झाली. बांगड्याच्या तिरफळाचा वास शेजारून आला तरी मी वरणभात कालवू लागलो. परंतु वर्गात एखादी कविता समजावून देत असताना मध्येच माझ्या मनात येई: आज सप्तमी, सव्वापाचाला भरती. आणि खिडकीतून वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी मान आपोआप वळे. खाणे सुटले होते आणि गरवणे सुटले नव्हते. तेव्हा मला उमगले, की चाळीस वर्षे मी लोकांना जे उत्तर देत आलो, ते तितकेसे खरे नव्हते. मी खाण्यासाठी मारीत नव्हतो. मारता यावे म्हणून खात होतो असेही नव्हे. परंतु खाणे हा माझा परवाना होता खास. तो परवाना डॉक्टरांनी काढून घेतला, तेव्हा मी त्याच्या आड काय लपवले होते ते उघडे पडले.

फाल्गुनात एका सहकाऱ्याने तोड सुचवली. "धरा आणि सोडून द्या! परदेशांत हजारो लोक हेच करतात. मासाही जगेल आणि तुमची हौसही भागेल." बुडत्याला काडीचा आधार, तसे मला झाले. मी काठी खाली काढली. पहिल्या दिवशी दोन काळुंदरे धरली, गरी हलकेच सोडवली आणि ती पाण्यात ठेवली. शेपटीचा एक फटकारा मारून ती दिसेनाशी झाली. मी घरी आलो तो अगदी हलक्या मनाने. दुसऱ्या खेपेला एक तांबोशी लागली. तिने गरी खोल गिळली होती. ती काढताना कल्ल्यांतून रक्त आले. मी तिला पाण्यात सोडले, तशी ती एका कुशीवर आडवी होऊन ओहोटीबरोबर पुलाकडे वाहू लागली. मी काठावरून तिच्याबरोबर चालत राहिलो. वरून एक घार उतरली आणि तिने ती उचलली. खरे सांगतो, त्या वेळी मला जवळजवळ बरे वाटले. निदान कोणाच्या तरी पोटात गेली!

त्या दिवसापासून मी सोडून देण्यासाठी धरणे बंद केले. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात असे दाखवून दिले. त्या जाणिवेला आपल्यासारखी वेदना म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. मी त्या वादात पडत नाही. परंतु वादाचा निकाल लागेपर्यंत संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा, माशाला की माझ्या हौशीला, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे गरवण्यास मनाई केली आहे. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. मारलेला चालतो आणि सोडलेला चालत नाही! पण जरा विचार केला, म्हणजे त्यातला न्याय दिसू लागतो. मारून खाणारा निदान काही गरजेचे नाव सांगू शकतो. छळून सोडणाऱ्यापाशी आपल्या करमणुकीखेरीज सांगण्यासारखे काहीच नसते. बायरनने आपल्या 'डॉन जुआन'मध्ये बिचाऱ्या वॉल्टनवर आग पाखडली आहे. तो भाग वर्गात शिकवताना मी नेहमी हसत असे. यंदा मला हसता आले नाही.

काठी पुन्हा माळ्यावर गेली असती. पण चैत्रात एका संध्याकाळी मी नुसताच खाडीवर फिरावयास गेलो असता आबा भेटले. खाडीकाठच्या वस्तीत राहणारे हे वृद्ध कोळी. सारी वस्ती त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी साठ वर्षे या पाण्यात जाळे फेकले. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. आता ते ओटीवर बसून असतात. मी पुढे जाणार तोच त्यांनी हाक मारली.

"मास्तर ना? चाल बदलली तुमची. डावा पाय जोरात पडतो. उजव्याला काय झालं?"

मी ओटीवर टेकलो आणि सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझं उलटं आहे. मला खायला कोणी अडवलं नाही. सून रोज बाजारातून मासा आणते, चांगला असतो. पण त्याला बर्फाचा वास. या खाडीचं काळुंदर खाऊन दोन वर्षं झाली."

पुढचे काही कोणी बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खाजणाच्या बाजूस बसलो. दीड तासाने हाताएवढे एक काळुंदर लागले. ते मी त्याच पावली आबांकडे नेले. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतले, अंगठा खवल्यांवरून फिरवला, मग नाकाशी नेले.

"पुलाखालचं नव्हे हे. वरच्या अंगाला, खाजणापाशी बसला होतात."

"बरोबर."

"पाणी गढूळ होतं का? वारा कुठला होता? उघाडीजवळचा तो खडक अजून उघडा पडतो का?"

ते विचारीत गेले आणि मी सांगत गेलो. त्यांना मासा हवा होता हे खरेच. पण खाडीची खबर त्याहून अधिक हवी होती, आणि ती बाजारात मिळत नाही.

तेव्हापासून एक रीतच पडून गेली. मी जाण्यापूर्वी आबांना विचारावयाचे. ते "आज एक पुरे" म्हणाले, की एक लागताच गरी वर. "आज नको" म्हणाले, की काठी घरी. वडिलांचा नियम मोडला नव्हता. पोटात जाणार तेवढेच मी काढीत होतो. पोट माझे नव्हते एवढेच. चैत्र-वैशाख मी मोठ्या समाधानात काढले. इतकेच नव्हे, तर माझ्या वागण्यात थोडासा साधुत्वाचा वाससुद्धा येऊ लागला असावा. जो स्वतः चाखीत नाही आणि दुसऱ्याला खाऊ घालतो, तो मनुष्य थोर खराच! शिकार माझी, आणि वर पुण्यही माझेच. असा सौदा फार थोड्यांना साधतो.

हा फुगा फुटावयास ज्येष्ठातली शुद्ध षष्ठी पुरली. पाऊस तोंडावर आला होता. एकदा काजळीला पूर आला, की खाडी तांबडी होते आणि पुढे कित्येक दिवस गरवण्यात अर्थ राहत नाही. आबा मुंबईला मुलाकडे गेले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी गेलो. कोणी तरी खाणारा भेटेलच, असे मी मनाशी म्हटले. षष्ठी, म्हणजे साडेचाराला भरती. पाणी चढत असतानाच हाताला असा हिसका बसला, की काठी वाकून तिचे टोक पाण्याला लागले. दहा मिनिटे झगडून मी तांबोशी बाहेर काढली. दीड किलोच्या खाली नसेल. इतकी मोठी तांबोशी मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. ती काठावर तडफडून शांत होईपर्यंत मी आनंदात होतो, हे कबूल केले पाहिजे.

मग मी ती घेऊन आमच्या आळीत आलो आणि पहिल्या घराची कडी वाजवली. शेजाऱ्यांनी मासा पाहिला, तोंडभर कौतुक केले आणि हात जोडले. "सर, आज सोमवार!"

सुटीत वाराचे भान राहत नाही. मी तिथी पाहिली होती, वार पाहिला नव्हता. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "उद्यासाठी ठेवला असता हो, पण आज आमच्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं श्रीखंड आहे." हातात दीड किलोचा मासा घेऊन मी भर संध्याकाळी रस्त्यात उभा होतो. दाता आपले दान घेऊन दारोदार फिरत होता आणि याचक मिळत नव्हता! त्या रस्त्यावर मला माझे सोंग स्वच्छ दिसले. आबांची भूक खरी होती. पण मी तिचाही परवानाच केला होता. मुदत संपलेल्या एका परवान्याच्या जागी दुसरा. खाणारा नाही हे ठाऊक असताना ज्याने गरी टाकली, त्याने ती कोणासाठी टाकली, हे निराळे सांगावयास नको.

मी घरी आलो. पत्नीने काही न बोलता मासा घेतला, धुतला, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला. मी तोंड लपवण्यासाठी म्हणालो, "उद्या कामवालीला देऊन टाक. आपल्याकडे तरी खाणारं कोण आहे!"

"मी आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. गेल्या कार्तिकापासून तिने मासे आणले नव्हते, शिजवले नव्हते. मुले नोकरीनिमित्त परगावी; दोघांच्या घरात तिची आवड आपोआप ओसरली असावी, असे मी धरून चाललो होतो. खरे म्हणजे मी काहीच धरून चाललो नव्हतो. मला तो प्रश्न पडलाच नव्हता.

"मग इतके दिवस का नाही खाल्लेस?"

"एकाने वरणभात गिळायचा आणि दुसऱ्याने त्याच्यासमोर बसून काटे काढायचे, हे मला जमेना. म्हणून सोडले." मग थोडे थांबून ती म्हणाली, "त्याचं मला काही नाही. पण तुम्ही आबांना विचारता, कुठला हवा, किती हवा. मला एकदा तरी विचारलंत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मासा मी साफ केला. चाळीस वर्षे गरवणाऱ्या माणसाने हे काम तोपर्यंत एकदाही केलेले नव्हते. वडील आणि मी धरीत असू. खवले आई काढी, पुढे पत्नी काढू लागली. ती शेजारी उभी राहून सांगत होती: शेपटीकडून डोक्याकडे, उलट्या हाताने, कल्ले आधी. खवले भिंतीवर उडाले, बोटाला काटा लागला. एका जिवाचा अंत पाण्याच्या काठावर होतो अशी माझी समजूत होती. त्याच्यानंतरही किती काम उरते आणि ते कोणाच्या वाट्याला जाते, हे मला ओट्याशी उभे राहिल्यावर कळले. तिने कोकम घालून आमटी केली, चार तुकड्या तळल्या. दोन ताटे मांडली. माझ्या ताटात वरणभात होता.

तिने आमटीतले डोके आपल्या ताटात घेतले आणि ती एकाग्र होऊन ते खाऊ लागली. मासे खाणाऱ्यांना हे सांगावयास नको, की डोक्यात जी चव असते ती तुकडीत नसते, आणि ते खाणे येरागबाळ्याचे काम नव्हे. ती ज्या सफाईने एकेक हाड सोडवीत होती, ती सफाई काही त्या दिवशी शिकलेली नव्हती. आणि मग माझ्या ध्यानात आले, की आमच्या लग्नाला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत माशाचे डोके नेहमी माझ्या ताटात आले होते. ते तिलाही आवडते, हे मला त्या मंगळवारी कळले.

त्या डोक्याकडे पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटले नाही असे मी म्हणणार नाही. जीभ शांत झाली होती ती वासापुरती. डोळ्यांपुढे मासा आल्यावर तिने पुन्हा मान वर केली. पण ते पाणी गिळून मी समोर बसून राहिलो, आणि जेवण संपेपर्यंत उठावेसे वाटले नाही.

मी अजून गरवतो. डॉक्टरांची त्याला हरकत नाही. उलट बसण्यापेक्षा चालणे बरे, असे ते म्हणतात. वडिलांच्या दोन नियमांत मी माझा एक तिसरा घातला आहे: खाणारा आधी, गरी नंतर. घरातून निघण्यापूर्वी मी पत्नीला विचारतो, आबांच्या ओटीवर थांबून त्यांना विचारतो. दोघांपैकी कोणी "हवा" म्हटले तरच पुढे जातो, आणि आणलेला मासा घरचा असेल तर मीच साफ करतो. याने सारा हिशेब चुकता झाला, असे मात्र मी मानीत नाही. आपण कोणाच्या पोटात जाणार, माझ्या की दुसऱ्याच्या, याचे माशाला सोयरसुतक नाही. हाताला बसणारा तो हिसका अजून माझाच आहे, आणि त्याचा आनंदही माझाच. मी तो आता परोपकाराच्या नावे खपवीत नाही, एवढाच काय तो फरक. आनंद घ्यावयाचा, तर त्याची किंमत आपल्याला दिसेल अशा जागी मांडलेली असावी. माझ्यापुरती ती जागा स्वयंपाकघराचा ओटा आहे.

आणि एक गंमत झाली आहे. माझे सातही वार सोमवार झाले होते. पण आता आमच्या घरी खाणारी व्यक्ती सोमवार पाळणारी आहे. त्यामुळे मंगळवारी काठी निघते, रविवारी निघते. सोमवारी मात्र ती पूर्वीप्रमाणे कोपऱ्यात उभी असते. आता मी तिथीबरोबर वारही पाहतो.